बोलता येईल इतकं चालणं

मला गावात अजून पैलवान मास्तर म्हणतात. त्यातला पैलवान कधीच संपला होता, मास्तर तेवढा उरला होता. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात मी ड्रिल शिकवायचो. शिकवायचो म्हणजे कडुलिंबाखाली खुर्ची टाकून शिट्टी वाजवायचो. पोरं पळायची आणि मी फेऱ्या मोजायचो. कुस्ती सोडून वीस वर्षं झाली होती, पण कुस्तीचा खुराक काही सुटला नव्हता. सकाळी तांब्याभर दूध, दुपारी भाकरीवर तुपाची धार, संध्याकाळी परत दूध. कोणी टोकलं तर मी म्हणायचो, अंगात मुरलंय. मुरलं होतं खरं, पण सगळं पोटावर.

ज्यांच्या छातीनं एकदा दगा दिलाय, आणि आता कुठला व्यायाम धरावा, किती करावा हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. मी चुका केल्या, त्या सांगतो. आणि एक गोष्ट अशी सांगतो, जी मला कुणी सांगितली असती तर एक अख्खा हिवाळा वाचला असता.

पाराजवळ

साल बहात्तर, भाद्रपद. पावसानं पुरती पाठ फिरवली होती. बाजरी गुडघ्याएवढी होऊन उभी वाळली होती. त्या दिवशी रविवार होता आणि वेशीपलीकडच्या वस्तीवर एक बारसं होतं. मी आणि माझी बायको यमुना, दोघं निघालो.

आमच्याकडे नवराबायको गावातून शेजारी शेजारी चालत नाहीत. नवरा पुढं, बायको दहा पावलं मागं, डोक्यावर पदर, नजर खाली. पारावर वडीलधारी बसलेली असली तर दहाची पंधरा होतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही असं मला वाटायचं. तसं ते नव्हतं, पण त्याबद्दल पुढं सांगतो.

पाराच्या अलीकडे माझ्या छातीवर कोणीतरी येऊन बसलं. कुस्तीत समोरचा गडी वर बसतो ना, तसं. फक्त इथं गडी दिसत नव्हता. डाव्या हातातून कळ उतरली, कपाळाला घाम फुटला. मी थांबलो आणि बाजूच्या भिंतीला हात टेकला. मागं वळून पाहिलं. उन्हात सगळं पांढुरकं दिसत होतं. त्या पांढऱ्यात यमुना उभी होती. हातात बाळंतविड्याचं गाठोडं, पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली.

मी थांबलो म्हणून तीही थांबली होती. दहा पावलांवर.

मला हाक मारायची होती, पण आवाज निघेना. किती वेळ आम्ही दोघं तसे उभे होतो कोण जाणे. मला तो वेळ फार लांब वाटला. भिंतीवरून एक खार गेली, तीही मला अजून आठवते. मग भिंतीला घसरत मी खाली बसलो. पारावरची माणसं धावली. यमुना त्यांच्या मागून आली.

खडी वाहणाऱ्या एका ट्रकमधून, ड्रायव्हरच्या शेजारी आडवं करून, मला नगरला नेलं. करंजी घाट उतरताना एकच गोष्ट मनात होती, आणि ती मरणाची नव्हती. ती का उभी राहिली? तिनं पाऊल का उचललं नाही? छातीची कळ दवाखान्यात इंजेक्शननं गेली. ही मात्र राहिली.

खिडकीतला महाल

त्या काळी हार्टचा झटका आला की तीन-तीन आठवडे पाठीवर निजवून ठेवायचे. कूस बदलायची तरी सिस्टरला बोलवायचं. माझ्यासारख्या धिप्पाड माणसाला चमच्यानं पेज भरवताना वॉर्डातले बाकीचे पेशंट टक लावून बघायचे. पहिले दोन दिवस मला रडू यायचं. तिसऱ्या दिवशी त्याचीही सवय झाली.

माझ्या खाटेसमोर खिडकी होती. खिडकीतून भिंगारच्या पलीकडचा डोंगर दिसायचा आणि त्याच्या डोक्यावर चांदबिबीचा महाल, बोटाच्या पेरापेक्षा लहान. औषधांच्या गुंगीत मी दिवसभर तो बघत पडायचो. सकाळी तो धुक्यात असायचा, नुसता आकाशात टांगलेला. दुपारी उन्हात हलायचा. डोळे मिटले की मी त्या डोंगरावर चालत असायचो. अंग हलकं, पाय अनवाणी, दम अजिबात लागत नाही. आणि दर वेळी माझ्या मागं दहा पावलांवर कोणीतरी असायचं. मी वळलो की ते थांबायचं. महाल काही जवळ यायचा नाही.

आमच्या वॉर्डाला रूथ सिस्टर होत्या. मूळच्या श्रीरामपूरकडच्या, पन्नाशीच्या, बुटक्या आणि तोंडाच्या फटकळ. पहाटे तापमान बघायला यायच्या तेव्हा तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत असायच्या. त्या गुणगुणण्यानं मला जाग यायची आणि आज आपण आहोत असं कळायचं. आजारपणात असल्या बारक्या गोष्टींवर माणूस दिवस काढतो.

उठायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्यांनी मला काट्यावर उभं केलं. काटा एकशेचारवर थांबला.

"मास्तर, शाळेत काय शिकवता हो तुम्ही?"

"व्यायाम."

त्या भिंतीला टेकून हसल्या. मग माझा चेहरा बघून खांद्यावर हात ठेवला. "हसले म्हणून रागावू नका. तुम्ही काट्यावर उभे राहिलात, हेच पुष्कळ झालं."

यमुना नातेवाइकांच्या शेडमध्ये स्टोव्हवर माझ्यापुरती बिनमिठाची खिचडी शिजवायची. आणून द्यायची, खाटेच्या पायथ्याशी बसायची आणि माझ्या पायांकडे बघत राहायची. आम्ही बोलत नव्हतो. तसं आमच्या चोवीस वर्षांच्या संसारात बोलणं म्हणजे काय, तर जेवायला वाढ, पाणी आण, मुलीचं पत्र आलं का. पण त्या तीन आठवड्यांतली चुप्पी वेगळी होती. ती विचारायची, "दुखतंय का?" मी म्हणायचो, "नाही." तिचे डोळे सुजलेले असायचे. मी ते बघायचो आणि मनात म्हणायचो, आता रडून काय उपयोग, तेव्हा उभी राहिलीस ना. इतका मी आतून कडू झालो होतो. आज लिहिताना लाज वाटते, पण झालो होतो.

तालीम

निघताना तिथल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, "वजन उतरवा. रोज चाला. आधी अंगणात, मग हळूहळू वाढवा. जोर, बैठका, वजनं उचलणं, यातलं काही नको."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, चालणं हा काय व्यायाम झाला? चालतात ते पोस्टमन आणि वऱ्हाडी. ज्यानं तरुणपणी रोज हजार बैठका काढल्या त्याला हे पोर चालायला सांगतंय.

घरी आल्यावर दीड महिना अंगणात घिरट्या घातल्या. मग कार्तिकात एका सकाळी गुपचूप तालमीत गेलो. वस्ताद म्हणजे माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर लढलेला गडी. त्यानं मिठीच मारली. "पैलवान, आलास का! आज पन्नासच काढ. हप्त्यात गाडी रुळावर येती का न्हाई बघ."

पन्नास काढल्या. मांड्या थरथरल्या, कानात आवाज घुमला, पण त्या तांबड्या मातीच्या वासानं मला वीस वर्षांनी लहान केलं. बाहेर आलो तर वस्तादानं पितळी पुढं केली. दूध, बदाम, वर तुपाचा थर.

"अरे, डॉक्टरनं बंद केलंय."

"बैठका मारायच्या आन् खुराक न्हाई? अंग सुकंल, पैलवान. डाक्टर काय कुस्ती खेळलाय व्हय?"

हे मला अगदी पटलं. आमच्याकडे व्यायाम आणि खुराक ही बैलजोडी आहे. एकाला जुंपलं की दुसरा आलाच. चरबी उतरवायला मी बैठका काढत होतो आणि बैठका सोसाव्यात म्हणून तूप पीत होतो. यात काही चुकतंय असं अकरा दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. दुष्काळात दूध मिळेना, तर वस्ताद स्वतःच्या म्हशीचं आणून द्यायचा. बिचाऱ्यानं जीव लावला.

बाराव्या दिवशी चाळिसाव्या बैठकीला डोळ्यांपुढं अंधारी आली. मी मातीत आडवा झालो. तोंडात माती गेली. वर कौलांतून उजेडाची एक तिरीप येत होती आणि तिच्यात धूळ फिरत होती, फार हळू, फार छान. मला वाटलं, पोचलो महालावर.

मग मान वळली तेव्हा दारात यमुना दिसली. तिला कोणीतरी निरोप दिला होता. तालमीत बायका पाऊल टाकत नाहीत. ती उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. चपला काढलेल्या, चौकट दोन्ही हातांनी धरलेली, आणि आत येत नव्हती.

पुन्हा तेच, असं माझ्या मनात आलं. मी डोळे मिटून घेतले.

रूथ सिस्टरचा हिशेब

दुसरा झटका नव्हता, पण फार लांबही नव्हता. नगरच्या दवाखान्यात परत चार दिवस. काट्यावर उभा राहिलो तर पुन्हा एकशेचार. मधे उतरलेले तीन किलो बदाम-तुपानं इमानदारीनं परत आणून दिले होते.

रूथ सिस्टर या वेळी हसल्या नाहीत. खाटेवर बसल्या. "मास्तर, तुम्ही कुस्तीतले. मला सांगा, पहिल्या झटक्यात गडी उचलून टाकतो तो आणि तासभर लढत राहतो तो, दोघं सारखे का?"

"नाही. एकाकडे बळ असतं, दुसऱ्याकडे दम."

"मग? तुमच्या बैठका बळाच्या. काळजाला दम हवाय. तो झटक्यानं येत नाही, रोज थोडा थोडा येतो. आणि अंगातली चरबीसुद्धा तशीच जाते, हळू."

आयुष्यभर मी पोरांना हेच सांगत आलो होतो. स्वतःला सांगायचं राहिलं होतं. तरी मी अडून बघितलं. पोहलं तर? त्या म्हणाल्या, पोहा, पण तुमच्याकडे कुठल्या विहिरीत पाणी आहे? सायकल? शाळेची सायकल माझ्या वजनानं आधीच एकदा वाकली होती. धावलं तर? त्यांनी नुसतं बघितलं. उरलं चालणं.

"पण किती जोरात चालायचं?"

"बोलता येईल इतकं. गाणं म्हणता येत असेल तर पाय उचला. बोलता येईना झालं तर हळू व्हा. दुसरं घड्याळ नको."

"आणि बोलायचं कोणाशी? बाभळींशी?"

सिस्टरनी खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या यमुनेकडे हनुवटीनं दाखवलं. "बाई, तुम्ही चाला यांच्यासंगं. हे बोलायचे थांबले की तुम्हाला कळेल."

यमुनेनं माझ्याकडे बघितलं नाही. सिस्टरकडे बघून हळूच मान हलवली.

पोतं

मग चालणं सुरू झालं. पहिला आठवडा फाटकापर्यंत. मग शाळेच्या चिंचेपर्यंत. मग ओढ्यापर्यंत. पहाट फुटताना निघायचो. दुष्काळी हिवाळ्यातली ती पहाट अजून डोळ्यांपुढं आहे. पानं नसलेली झाडं, रस्त्यावर टाच बुडेल एवढा फुफाटा, आणि सगळ्यावर एक मऊ राखाडी उजेड. त्यात माणूस चालतोय का तरंगतोय कळायचं नाही.

अडचण एकच. यमुना दहा पावलं मागं. बोलायचं तर मी पुढं बघून ओरडायचो, "आज भाजी काय?" मागून काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू यायचं. "काय?" मान वळवली की पाय दगडावर. दोन्ही बाजूच्या घरांतून बायका ऐकत असायच्या. एकदा तर एका दारातून उत्तर आलं, "मास्तर, पिठलं म्हनती ती!"

शिवाय आमच्या गावात कोणी उगाच चालत नाही. चालणाऱ्याला जायचं ठिकाण लागतं. "कुठं निघाला, मास्तर?" "कुठं नाही, चालतोय." माणूस माझ्याकडे काळजीनं बघायचा आणि आत बोलावून चहा करायला लावायचा. चहात गूळ असा की चमचा उभा राहावा. नाही म्हटलं तर राग. मी पंधरा दिवस खोटं बोललो. कधी शेत बघायला, कधी शाळेची किल्ली आणायला.

महिन्यानं वजन बघावंसं वाटलं. गावात काटा एकच, रेशन दुकानातला. तिथं त्या दिवशी मिलो आला होता. लाल ज्वारी, परदेशातली, जनावरंही तोंड फिरवतील अशी, पण तिच्यासाठी बायकांची रांग लागली होती. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायच्या आधी घ्यायला आल्या होत्या. हातांना खडी फोडून घट्टे पडलेले, गालांची हाडं वर आलेली. मी काही न सुचून काट्यावर चढलो. दुकानदारानं काटा बघितला.

"बरोबर एक पोतं, मास्तर. शंभर किलो."

रांगेतली गंगूबाई, आमच्या शाळेच्या मागं राहणारी, पटकन म्हणाली, "मंग मास्तरलाच द्या की वाटून. आठ दिस निघतील सगळ्यांचं!"

रांग हसली. गंगूबाईचा हेतू वाईट नव्हता, ती तशीच आहे. पण मी काट्यावरून उतरलो तेव्हा मला माझं अंग कुठं ठेवावं कळेना. गावात माणसांच्या अंगावरचं मांस उतरत चाललं होतं, आणि मी माझं उतरवायला सकाळी उठून चालत होतो. घरी आलो आणि चार दिवस बाहेर पडलो नाही.

पाचव्या पहाटे यमुनेनं माझ्या चपला उंबऱ्यावर आणून ठेवल्या.

"मी येत नाही," मी म्हटलं. "लोक हसतात."

"हसू द्या. ह्या सालात हसाया तरी काय मिळतंय त्यान्ला? तुमी दिलं, बरं झालं."

"माझ्यानं नाही होत, यमुने."

तिचं नाव मी असं घेतलेलं तिला नवीन होतं.  मग ती आधी बाहेर गेली आणि फाटकाशी थांबली. मी पोचलो तशी माझ्या खांद्याला खांदा लावून चालायला लागली. मीच गोंधळलो. मीच म्हणालो, "लोक काय म्हणतील?"

"काय म्हनायचं ते म्हनतील. तुमी गेल्यावर मागंच ऱ्हायचं हाय मला. आत्ता न्हाई."

गल्लीतून जाताना दारं उघडी होती. कोणी काही बोललं नाही. गंगूबाई टोपलं घेऊन कामावर निघाली होती. ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "चाला, चाला." बस, एवढंच.

ओढ्यापलीकडे

शेजारी चालणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं असतं. तोंडाकडे बघावं लागत नाही, दोघांच्या समोर रस्ता असतो. यमुना बोलायला लागली आणि मी चकित झालो. तिला गावातल्या प्रत्येक झाडाचं वय माहीत होतं. लहानपणी ती हिवऱ्याच्या यात्रेत हरवली होती, ते मला चोवीस वर्षांनी कळलं. तिला माझ्या कुस्त्या कधीच आवडल्या नव्हत्या, हेही. "तुमी पडला की मला वाटायचं आता तरी घरी लवकर येतील." मला दम लागून मी गप्प झालो की ती पाय सावकाश टाकायची. मला हळू करायला सांगायची नाही, स्वतः हळू व्हायची.

फाल्गुनात एकदा आम्ही ओढ्याच्या कोरड्या पात्रापलीकडे गेलो. पळस फुलला होता. पान एक नाही आणि सगळं झाड पेटलेलं. तिथं चालता चालता, पळसाकडे बघत ती म्हणाली, "त्या दिशी मला वाटलं तुमी माझ्यासाटी थांबला."

मी चालता चालता तिच्याकडे मान वळवली.

"पारावर मानसं हुती. तुमी थांबला, मंग मी बी थांबले. वाटलं, पुढं गेले तर तुमाला राग येईल. मान खाली हुती माझी. वर बघितलं तवा तुमी खाली बसला हुता." तिचा आवाज बारीक झाला. "धा पावलं तर हुती. तालमीत बी तसंच. उंबरा तर हुता नुसता."

मी विचारलं, "मला राग येईल असं का वाटलं तुला?"

"लग्नाच्या साली. पाथर्डीच्या बाजारात. बांगड्या इचाराया मी तुमच्या बरोबरीनं आले, तर तुमी डोळं वटारलं. म्हनला, मागं. येवढंच."

मला ते आठवत नव्हतं. कितीही खणलं तरी तो बाजार, त्या बांगड्या, तो शब्द, काहीच वर येईना. माझा एक शब्द, मी तिथंच टाकून पुढं गेलो होतो. तिनं तो चोवीस वर्षं पाळला होता. आणि जिनं तो पाळला तिच्यावरच मी दवाखान्याच्या खाटेवर पडून डूख धरला होता.

मी रस्त्यात थांबलो. तीही थांबली, पण शेजारी. मी तिला सगळं सांगितलं. खिडकीतलं, मनातलं, कडू झालेलं सगळं. चुकलो म्हणालो. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चला, थांबू नका. अंगात गारवा भरंल."

परतीच्या वाटेवर मी चालत होतो, बोलत होतो, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात वर करत नव्हतो. समोरून कोणी येत नव्हतं.

डोंगर

वैशाखात नगरला तपासणीला गेलो. शहाऐंशी किलो. डॉक्टरांनी नळी कानातून काढून हात मिळवला. रूथ सिस्टरनी मला सोडून यमुनेचा हात धरला. "बाई, किती बोलायला लावलंत यांना?" यमुना लाजून हसली. वॉर्डाच्या दारातून मी माझी खिडकी बघितली. तिथं दुसराच कोणी निजला होता आणि डोंगराकडे बघत होता. मला त्याला सांगावंसं वाटलं, तो हलतो तो उन्हामुळे, घाबरू नको. पण सिस्टर म्हणाल्या, त्याला झोप लागतेय.

परतताना मी कंडक्टरला चांदबिबीच्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबवायला सांगितली. यमुना म्हणाली, "इथं काय?" मी म्हटलं, "चालायचंय."

दिवस कलला होता. ऊन मऊ झालं होतं, वाऱ्याला वाळलेल्या गवताचा वास होता. आम्ही अगदी सावकाश निघालो, बोलता येईल इतके. मधे दोनदा दगडावर बसलो. वर महाल मोठा होत होता. इतके महिने बोटाच्या पेराएवढा असलेला तो दगडी महाल असा वाढताना बघून मला आपण पुन्हा गुंगीत आहोत असं वाटायला लागलं. पाय खरंच हलके झाले होते.

शेवटच्या चढावर पायवाट अरुंद झाली. दोघांना शेजारी चालता येईना. मी पुढं, ती मागं. वर कट्ट्यावर आमच्यासारखीच गावाकडची चार-पाच म्हातारी माणसं फेटे काढून वारा घेत बसली होती. त्यांना बघून माझ्या मागच्या बांगड्यांचा आवाज कमी झाला. ती सवयीनं पदर सावरून मागं पडली असणार, हे मला न बघता कळलं.

वळणावर नगर दिसलं. धुळीच्या पडद्यात किल्ला, चर्चचं टोक, कौलं. त्या कौलांत कुठंतरी दवाखाना. मी खिडकी शोधायला लागलो. इथून तिथं बघणारा मी, आणि तिथून इथं बघणारा मी, दोघं एकाच वेळी. बोलायचं विसरलो. पाय थांबले. हात बाजूच्या दगडाला टेकला.

मागं दगड घरंगळले. बांगड्या वाजल्या. मी वळायच्या आत यमुना माझ्यापाशी होती. पळत आली होती. पदर डोक्यावरून खाली पडलेला, एक चप्पल मागं पायवाटेवर राहिलेली, आणि कट्ट्यावरची म्हातारी माणसं उठून बघत असलेली. तिनं उजव्या हाताचा पंजा माझ्या छातीवर दाबून धरला.

"बोला," ती म्हणाली. "कायतरी बोला."

मला बोलता येईना. दम लागला म्हणून नाही. तिचाच ऊर भात्यासारखा वरखाली होत होता. शेवटी कसंबसं म्हणालो, "अगं, नगर बघत होतो. दम तर तुला लागलाय."

ती हसली नाही. पदरही सावरला नाही. हात तसाच छातीवर ठेवून म्हणाली, "बोलत ऱ्हावा."

मी बोलत राहिलो.